गुळानं गॅस कटत नाही

अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वड्या उलटत होते. ते म्हणाले, आजी, गोदामातल्या नोकरीवर लिहा, फक्त दिवाळी हाय, तं थोडं गोड लिहा. मी म्हटलं, गोडच लिहिते, गुळाबद्दल लिहिते. बिचारे खूश झाले. आता वाचून काय करायचं ते त्यांनी ठरवावं. मला घरून कोणी अडवणार नाही. नात हिंदीत स्वप्नं पाहते, आणि सून मराठी झकास बोलते, पण वाचायला घेतलं की तिला जांभया येतात. त्यामुळं या हिंदी मुलखातल्या गावात मला मराठीत काहीही लिहायची मुभा आहे.

मी धान्याच्या गोदामात तांत्रिक सहायक होते. लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी विचारलं होतं, म्हणजे नेमकं काय? वडिलांनी सांगितलं, सरकारी आहे. तेवढ्यावर लग्न जमलं. नेमकं काय ते असं, की मी किडे मारायची. वारासिवनीकडच्या गिरण्यांमधून तांदूळ निघतो, पोत्यांत भरतो, ट्रकनं आमच्याकडे येतो. हमाल ती पोती एकावर एक रचून घराएवढी थप्पी लावतात. त्या तांदळाला काही महिन्यांत सोंडे लागतात, पाखरं लागतात. तुमच्या डब्यातल्या तांदळाला लागले तर तुम्ही उन्हात घालता. डोंगराएवढा तांदूळ कोण उन्हात घालणार? म्हणून त्याला धुरी द्यायची.

धुरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ऊद येईल. आमची धुरी दिसत नाही. थप्पीवर जाड प्लॅस्टिकची चादर झाकायची, आत ताटल्यांत गोळ्या ठेवायच्या, आणि चादरीच्या कडा जमिनीला घट्ट दाबून टाकायच्या. गोळी करड्या रंगाची, गोटीपेक्षा लहान. हवेतला ओलावा तिला लागला की ती हळूहळू वायू सोडते. काही दिवस थप्पी तशीच बंद. किडे मरतात. त्या वायूला सोंडा आणि माणूस यांतला फरक कळत नाही, आणि माणसाच्या छातीत तो गेला तर त्याच्यावर उतारा नाही. पुन्हा लिहिते, कारण हे वाक्य लोक एका कानानं ऐकतात: उतारा नाही. मोकळी हवा, दवाखाना आणि नशीब, एवढंच.

हे सगळं मी प्रशिक्षणात शिकून आले होते. बी.एस्सी. केमिस्ट्री, खळ घातलेली सुती साडी, साडीला शोभणारा रुमाल आणि डोक्यात भलती हवा. पहिल्याच दिवशी मुकादम हमालाला म्हणाला, "म्याडमले साप दाखव रे." मी ओट्यावरून उडी मारून सरळ फाटकाबाहेर. चादरीच्या कडा दाबायला रेतीनं भरलेल्या लांबलचक कापडी पिशव्या असतात, त्यांना गोदामात साप म्हणतात, हे आमच्या सरांनी शिकवलं नव्हतं. हमाल त्या पिशव्या खांद्यावर टाकून माझ्यासमोर मुद्दाम डुलत डुलत गेले. सगळ्यात पुढे होता भाऊलाल.

भाऊलाल लामता गावचा. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, त्यामुळं बोली तिकडची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, सडपातळ, पण पोतं पाठीवर घेतलं की असा चालायचा जसं काही पोतंच त्याला ढकलून नेतंय. मी त्याला एरवी 'अहो भाऊलाल' म्हणायची, रागावले की 'अरे भाऊलाल'. नोकरीच्या उत्तरार्धात 'अहो' क्वचितच निघालं.

नोकरीला लागून महिना झाला असेल, गोदामात लसणाचा वास यायला लागला. मी रुमाल नाकाला लावून हमालांना ओळीत उभं केलं आणि स्वच्छतेवर व्याख्यान दिलं. सरकारी धान्यात लसणाची चटणी आणायची नाही, वास तांदळाला लागतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशीही वास. मी पुन्हा उभी. भाऊलालनं आपला डबा उघडून माझ्या नाकाखाली धरला. "पाहा म्याडम, आज तं भेदऱ्याची भाजी हाय." भेदरं म्हणजे टमाटर. त्यात लसणाची पाकळीही नव्हती.

वास चादरीतून येत होता. बाजारच्या गोळ्यांचा तो वायू लसणासारखा किंवा सडक्या मासोळीसारखा वास मारतो, हे मी परीक्षेत लिहून पहिल्या वर्गात पास झाले होते. चादरीला भोक पडलेलं, वायू बाहेर येतोय, आणि ही पहिल्या वर्गातली बाई लोकांचे डबे हुंगतेय. मी आजही कधी फार शहाणपणा करायला लागले की मला ती रुमालवाली आठवते आणि तिच्या एक टपली मारावीशी वाटते. वासावर विसंबायचंही नसतं, कारण नाक थोड्या वेळानं सरावतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. वास आला, तर मात्र तुम्ही तिथं असायलाच नको होतं.

आता गुळाकडे येते.

हमाल आमचे नव्हते, ठेकेदाराचे होते. धुरीच्या कामाला लागणारे मुखवटे, म्हणजे तोंडानाकावर घट्ट बसणारे, पुढं वायू गाळणारी डबी लावलेले, हे मात्र गोदामाचे होते. चार होते. ते इन्चार्ज साहेबांच्या कपाटात कुलपात असायचे. का, तर हरवतील. डब्यांची मुदत कधीच संपली होती. नव्या मागवा म्हणून मी दर वर्षी भांडायची आणि दर वर्षी उत्तर यायचं, देखते हैं. वर्षातून एक दिवस ते मुखवटे बाहेर निघायचे. विश्वकर्मा पूजेला. वजनकाटा, फवारणीचा पंप, पोतं टोचून दाणे काढायची परखी, हे सगळं धुऊन पुसून एका ओळीत मांडायचं, त्यात मुखवटेही मांडायचे. त्यांना हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि पुन्हा कपाटात. माझ्या साऱ्या नोकरीत त्या मुखवट्यांनी नाकापेक्षा कुंकू जास्त पाहिलं.

मुखवट्याच्या जागी हमालांना गूळ मिळायचा. थप्पी उघडायच्या दिवशी ठेकेदाराचा माणूस गुळाची भेली घेऊन यायचा, फोडून प्रत्येकाच्या हातावर एक खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की गॅस कटतो, म्हणजे त्याचं विष उतरतं. कोणी सांगितलं? कोणीच नाही. गिरणीत भुशानं घसा खवखवतो, तिथं गूळ चघळायची रीत आहे. घशाला बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही. ती रीत तिथून उठून आमच्याकडे येऊन बसली आणि तिनं मुखवट्याची खुर्ची घेतली. स्वस्त पडते. शिवाय गूळ देणारा दयाळू दिसतो.

मी सांगून थकले. फुप्फुस आणि पोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गूळ जातो पोटात. हमाल म्हणायचे, हौ म्याडम. आणि गूळ तोंडात टाकायचे. इन्चार्ज साहेब माझ्यासारखेच शिकून आलेले, एकाच संस्थेतून. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते म्हणायचे, "मीठा है मैडम, नुकसान क्या करेगा?"

नुकसान काय करतं ते सांगते.

पूजेचा आदला दिवस. पाऊस धरून होता. धुरीच्या गोळ्या वेगळ्या, कोरड्या, हवेशीर खोलीत कुलपात ठेवायच्या असतात. आमच्याकडे त्या अवजारांच्या खोलीत होत्या, पंप, काटे, जुना बारदाना, झाडू यांच्या शेजारी. त्या खोलीचं छप्पर कोपऱ्यात गळायचं, आणि गोळ्यांच्या डब्यांचं खोकं होतं त्याच कोपऱ्यात. मी ते दोनदा हलवून घेतलं होतं. नवा माल आला की जागा हवी म्हणून खोकं परत तिथंच.

पूजेसाठी खोली रिकामी करून धुवायची होती. ते काम दर वर्षी भाऊलालचं. पूजाही तोच मांडायचा, नारळही तोच फोडायचा, त्यात दुसऱ्यानं हात घातलेला त्याला खपायचा नाही. त्यानं बादली भरून आणली, झाडू घेतला, पंप बाहेर काढले, मग खोकं उचललं. खोक्याचा तळ ओलीनं कुजलेला. डबे धडाधड खाली. एक डबा फुटला आणि गोळ्या ओल्या फरशीवर सगळीकडे.

आता पुढचं नीट ऐका, कारण हे काही अडाण्याचं काम नव्हतं. गोळीला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हे भाऊलाल नव्या हमालांना स्वतः दटावून सांगायचा. ओलाव्यानं जो वायू हळूहळू निघतो तो पाण्यानं भसकन निघतो, कधी पेटही घेतो. त्याच्या डोक्याला हे पक्कं ठाऊक होतं, पण हातांना नव्हतं. आपल्याकडे काही सांडलं की पहिला हात कुठं जातो? पाण्याकडे. दूध सांडलं, तेल सांडलं, पोरानं ओकलं, ओत पाणी, मार झाडू. त्यात बादली हाताशी भरलेली, आणि उद्या तिथं देव बसणार. त्यानं बादली ओतली. वर दार ओढून घेतलं, पाणी ओट्यावर सजवलेल्या सामानाकडे जाऊ नये म्हणून.

मी काट्याजवळ होते. दाराच्या फटीतून पांढुरका धूर आणि तोच वास, लसणाचा. मी दार ढकललं. भाऊलाल वाकून झाडू मारत होता आणि खोकत होता. मी आत गेले नाही. हे मी अभिमानानं सांगते, कारण त्या रुमालवालीनं नक्की आत उडी मारली असती आणि मग आमचे दोन फोटो भिंतीवर लागले असते. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून ओरडले, "अरे भाऊलाल, झाडू टाक, बाहेर ये."

"दोन हात मारतो ना म्याडम, झालंच."

मग मी त्याच्या आईचा उद्धार केला. हे छापू नका हवं तर. पण त्यानंच तो बाहेर आला, कारण माझ्या तोंडून असलं काही त्यानं कधी ऐकलं नव्हतं आणि तो पाहायला आला की बोललं कोण.

सगळ्यांना मी फाटकाकडे, वारा जिकडून येत होता त्या बाजूला पिटाळलं. खोलीकडे कोणी फिरकायचं नाही, वायू उडून जाऊ द्यायचा. पुढचं काम मुखवटे घातलेल्या दोन माणसांचं. कोरड्या गोळ्या कोरड्या फावड्यानं लोखंडी घमेल्यात गोळा करायच्या, झाकण न लावता उघड्यावर न्यायच्या. तसे मुखवटे आमच्याकडे नव्हते, पूजेचे होते. म्हणून खोली तशीच सोडायची, एवढंच आमच्या हाती होतं.

भाऊलाल ओट्याच्या टोकाला बसला. कपडे बदलायला लावले, हातपाय धुतले, ओकला एकदा. ठेकेदाराचा माणूस धावत आला आणि त्यानं भाऊलालच्या तोंडात गुळाचा खडा घातला. थोड्या वेळात भाऊलालचा खोकला थांबला. चेहरा उजळला. तो हसायला लागला. "पाहा म्याडम, कटला. उगाच शिव्या देल्या तुमी मले."

या वायूचं हेच हरामीपण आहे. तो माणसाला मध्ये सुट्टी देतो. आत गेल्यावर थोडं ओकारी, थोडं डोकं, मग बरं वाटतं, तास दोन तास, कधी जास्त. त्या वेळात माणूस घरी जातो, जेवतो. मग छाती भरते, नाडी बसते, आणि आजूबाजूचे म्हणतात, अचानक गेला.

मी साहेबांना म्हटलं, गाडी काढा, दवाखान्यात न्यायचंय. साहेबांनी भाऊलालकडे पाहिलं, तो हसत होता. ते म्हणाले, "मैडम, आदमी हँस रहा है। बात का बतंगड़ मत बनाइए। कल पूजा है।" दवाखान्यात गॅसचं नाव निघालं की पोलीस, पोलिसांमागून पेपरवाले. त्याला लामत्याच्या बसमध्ये बसवून द्या, आराम करू द्या. हे त्यांनी मला समजावलं. त्यांना ठाऊक होतं. ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, म्हणून मला ठाऊक आहे की त्यांना ठाऊक होतं.

भाऊलालही ऐकेना. दवाखान्यात ठेवून घेतलं तर उद्या पूजा कोण मांडणार? मी हात जोडले, दरडावलं, त्याच्या बायकोचं नाव घेतलं. तो म्हणाला, "मले काहीच नाही झालं, तं मी काहून जाऊ?" आणि उठला, बसची वेळ झाली म्हणून.

मी छाती धरली आणि खाली बसले.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी एकदा मरायची भूमिका केली होती. प्रेक्षक पोट धरून हसले होते, आणि आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं की तू अभ्यासाकडे लक्ष दे. पण या वेळी कोणी हसलं नाही. मी डोळे फिरवले, हाय हाय केलं, डाव्या हाताला मुंग्या येताहेत असं सांगितलं. साहेबांचा रंग उतरला. हमाल मेला तर तो ठेकेदाराचा, मॅडम मेली तर ती त्यांची. त्यांनी स्वतःच्या गाडीची किल्ली ड्रायव्हरकडे फेकली. मी क्षीण आवाजात म्हटलं, भाऊलाल सोबत पाहिजे, दुसरा कोणी नको. कोणी कारणही विचारलं नाही. मागं गाडीचं दार उघडून धरलं होतं साहेबांनी, स्वतः.

 तीच गाडी होती. तेच पेट्रोल. ज्याच्या छातीत विष होतं त्याला बस, आणि नाटक करणारीला गादीची सीट.

गाडीत भाऊलालनं खिशातून गुळाचा खडा काढून माझ्यापुढं धरला. "तोंडात ठेवा म्याडम." मी ठेवला. काय करणार?

दवाखान्यात पोचल्यावर मी ताडकन उतरले आणि तिथल्या तरुण डॉक्टरला सांगितलं, पेशंट मी नाही, हा आहे, याच्या छातीत फॉस्फीन गेलंय, याला झोपवा, नाडी आणि रक्तदाब सारखा बघत राहा, आता बरा दिसेल, फसू नका. डॉक्टरनं भाऊलालकडे पाहिलं. भाऊलालनं नमस्कार केला. त्याला खाटेवर घातलं, ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. आयुष्यभर गोदामात राबलेल्या त्या माणसाच्या नाकाला मुखवटा लागला तो असा, दवाखान्यात.

आणि मग काहीच झालं नाही. एक तास गेला. रक्तदाब ठीक. डॉक्टर येऊन बघायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला वाटायला लागलं, देवा, मी खरंच बतंगड केला की काय. आणि मला असंही वाटत होतं की तसंच निघो, सगळं गाव मला हसो. भाऊलालनं मुखवटा जरा बाजूला सारून विचारलं, "म्याडम, तुमची छाती कशी हाय?"

"बरी आहे."

"मंग मलेच काहून टोचून राह्यले?"

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला त्याचे ओठ निळे झाले. नाडी हातालाच लागेना. डॉक्टर धावले, मला बाहेर काढलं. त्याच वेळी लामत्याची बस रस्त्यात कुठंतरी असणार, आणि माझं नाटक फसलं असतं तर तो तिच्यात मागच्या सीटवर डोकं खिडकीला टेकून असता. कंडक्टरला वाटलं असतं, झोपला. त्याला रात्रीच गोंदियाला हलवलं. तिथं तो बरेच दिवस होता. वाचला. तो खाटेवर होता म्हणून वाचला, बस, दुसरं कारण नाही.

मला वाटलं आता तरी उलथापालथ होईल. मी वरपर्यंत कळवलं, तोंडानं सांगितलं, भांडले. जे उत्तर मिळालं ते इथं जसंच्या तसं देते. मोठ्या साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि विचारलं, "मरा तो नहीं ना?"

मेला नाही. म्हणजे काही झालंच नाही. पाय घसरून पडला, पित्त होतं, विषय संपला. मेला असता तर चौकशी झाली असती, मुखवटे आले असते, छप्पर दुरुस्त झालं असतं, भिंतीवर पाटी लागली असती. आमच्याकडे सुरक्षेची किंमत एक मुडदा आहे, आणि मी तो मुडदा त्यांना मिळू दिला नाही. मला तिरोडीकडच्या एका लहान गोदामात पाठवलं. तिथूनच मी निवृत्त झाले. निरोपाला शाल मिळाली, आणि 'मैडम बहुत अनुशासनप्रिय थीं' असं भाषण. मी मनात म्हटलं, अनुशासन गेलं खड्ड्यात, मी एकदा चांगली मेले होते, त्याचं कोणी नाव घ्या.

हे सगळं गिळून मी पापड-वड्यांना लागले असते. पण मागच्या पावसाळ्यात वारासिवनीहून येताना बसमध्ये शेजारी एक हमाल बसला होता, त्याच गोदामाचा. बोलता बोलता म्हणाला, आमच्या फाटकावर एक बुढा चौकीदार हाय, त्याले एकडाव गॅस लागला होता, पन गुळानं वाचला. तोच आम्हाले गूळ वाटते.

बस थांबताच मी रिक्षा केली आणि सरळ गोदामावर गेले. अंगात आग पेटली होती. ज्याच्यासाठी मी छाती धरून लोळले, तो माणूस गुळाचा महिमा गातो?

भाऊलाल फाटकाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होता. आता त्याच्यानं पोतं काय, भरलेला तांब्या धड उचलवत नाही. दहा पावलं चालला की थांबतो. मला पाहून उठायला लागला. मी म्हटलं, बस, आणि तिथंच सुरू झाले. गुळानं वाचलास तू? डॉक्टरनं काय केलं मग? मी काय केलं? अरे, माझ्या छातीत काही दुखत नव्हतं, नाटक होतं ते, तुझ्यासाठी.

तो शांतपणे म्हणाला, "मले गाडीतच समजलं होतं. छातीत दुखनारी बाई डायवरले येवढ्या जोरानं हानत नाही, का होरन वाजव म्हनून."

"मंग आलास काहून?"

"साहेबाची गाडी होती. कवा बसाले भेटली असती?"

म्हणजे तो दवाखान्यात, ऑक्सिजनखाली, माझ्या छातीची चौकशी करत होता ती माझी फिरकी होती. इतकी वर्षं मी त्या वाक्यावर गहिवरत होते. मूर्ख बाई.

मग त्यानं गुळाचं सांगितलं. त्याचा मोठा मुलगा त्याच ठेकेदाराकडे पोती उचलतो. ही चौकीदारीही ठेकेदाराच्या मेहरबानीची. गॅसचं नाव काढलं तर दोघंही घरी. "गुळाचं म्हनतो, म्हनून दोघाय जनाले काम हाय. आन् मी गूळ आत नाही देत, म्याडम. तिथं देतो." त्यानं फाटकाबाहेरच्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं. चांगला लांब होता, वारा येतो त्या बाजूला. "थाळी वाजवतो. ज्याले पायजे त्यानं तिथं यावं, बसून खावं, मंग आत जावं. दिवसभर वाजवतो. ठेकेदार म्हनते, बुढा लय गूळ खपवते."

भाऊलाल लबाड आहे, हे मला ठाऊक होतं. माझ्या तोडीचा आहे हे त्या दिवशी कळलं. पण त्यानं राग कमी झाला असं समजू नका. उलट वाढला. आत एका बाजूला थप्पीला धुरी लावलेली आणि त्याच छपराखाली दुसऱ्या बाजूला ट्रक भरणं चालू, हे मला फाटकातून दिसत होतं. असं करायचं नसतं, कधीच. आणि त्या लोकांच्या आणि वायूच्या मध्ये काय होतं? एक दम लागलेला म्हातारा आणि एक थाळी.

त्यानं थाळी वाजवली. हमाल एकेक करून बाहेर आले, झाडाखाली जाऊन बसले, हात पुढं करू लागले. भाऊलाल गूळ फोडता फोडता थांबला. त्यानं गोदामाच्या दाराकडे पाहिलं. पुन्हा थाळी वाजवली. कोणी आलं नाही. झाडाखालच्यांनी इकडं तिकडं पाहिलं. एक जण कमी होता.

भाऊलाल उठला आणि दाराकडे चालायला लागला. दहा पावलांवर थांबणारा माणूस थांबला नाही. मी धावले, या वयात, आणि त्याचा सदरा मागून धरला. "अरे भाऊलाल, तू नाही." तो सदरा सोडवायला लागला. मी सोडला नाही. शिलाई उसवल्याचा आवाज आला. दोघांनाही दम लागलेला, दोघंही दाराकडे बघतोय.

दारातून एक माणूस आला. तिशीचा, चांगला मिशीवाला गडी, कानाला मोबाईल. हसत हसत कोणाशीतरी बोलत होता. आमच्याजवळ येऊन त्यानं मोबाईल बाजूला केला आणि विचारलं, "क्या हुआ दादी?"

मी त्याच्या एक ठेवून दिली. सगळी ताकद लावून. मोबाईल चिखलात पडला. झाडाखालचे सगळे उभे राहिले.

त्याला ती काहून बसली ते कळलं नाही. तो गाल धरून माझ्याकडे बघत राहिला. भाऊलालला कळलं. तो तिथंच मातीत बसला, गुडघ्यांत डोकं घालून, आणि श्वास परत यायची वाट पाहत राहिला. तो यायला बराच वेळ लागला.